बाटलीतले दुसरे किण्वन

घरी केलेल्या बीअरचे मुख्य किण्वन, म्हणजे यीस्टने साखर आंबवणे, संपते तेव्हा तिच्यात अल्कोहोल पुरेसे तयार झालेले असते, पण फेस मात्र नसतो. किण्वनात सुटलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून गेलेला असतो आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या बीअरमध्ये तिच्या आकारमानाच्या जेमतेम ०.८५ पट वायू विरघळून उरतो. जिभेला चुणचुण जाणवावी, ग्लासात फेस धरावा, यासाठी तो साधारण अडीच पट लागतो. ही तूट बाटलीतच भरून निघते. भरताना घातलेली थोडी साखर, बीअरमध्ये तरंगत राहिलेल्या यीस्टच्या पेशी आणि घट्ट झाकण एवढ्यावर हे दुसरे, छोटे किण्वन चालते.

साखर किती घालायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्र अगदी नेमके देते. लिटरमागे सुमारे १.६ लिटर, म्हणजे वजनाने ३ ग्रॅमच्या थोडा वर, वायू कमी पडत असतो. साध्या साखरेपासून तिच्या वजनाच्या निम्म्याहून किंचित अधिक कार्बन डायऑक्साइड मिळतो, म्हणून लिटरला ६ ग्रॅम आणि २० लिटरला १२० ग्रॅम साखर पुरते. त्यातून अल्कोहोल वाढते ते फक्त ०.४ टक्क्याच्या आसपास. साखर चमच्याने न मोजता वजन करून घ्यावी, थोड्या पाण्यात उकळून गार करावी आणि साऱ्या बीअरमध्ये एकजीव करावी. ती नीट मिसळली नाही, तर एकाच घाण्यातली एक बाटली मिळमिळीत निघते आणि दुसरी उघडताच उतू जाते.

खरा धोका मात्र घातलेल्या साखरेपेक्षा बीअरमध्ये न आंबता राहिलेल्या साखरेचा असतो. साखर आंबत जाते तशी बीअरची घनता उतरते. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर, विशिष्ट घनता ०.००१ ने उतरते, तेव्हा बीअरच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा वायू तयार होतो. घनता अजून ०.००४ ने उतरायची बाकी असताना बाटल्या भरल्या, तर अडीच पटीचे साडेचार पट होतात आणि मग काच फुटू शकते. व्यवस्थित भरलेल्या बाटलीतही २० अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २ बार अधिक दाब असतोच. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे तंतोतंत जुळल्याशिवाय झाकण लावू नये, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. बाटल्यांची स्वच्छताही याच कारणासाठी महत्त्वाची आहे, कारण नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन शर्करा काही रानटी यीस्ट सावकाश खात राहतात आणि दाब महिनोन्‌महिने वाढवत नेतात.

भरलेल्या बाटल्या सुमारे दोन आठवडे २० अंशांच्या आसपास, अंधारात ठेवाव्यात. नवा वायू द्रवातच हळूहळू तयार होतो आणि त्यातला काही झाकणाखालच्या मोकळ्या जागेत जातो. त्यामुळे तिसऱ्याच दिवशी उघडलेली बाटली जोरात फुसकारते, पण बीअर मात्र सपाट लागते. याच काळात यीस्ट आणखी एक मोलाचे काम करते. भरताना आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन ते शोषून घेते आणि लोण्यासारखा वास देणारे डायअ‍ॅसिटिल व हिरव्या सफरचंदाची आठवण करून देणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड यांचेही रूपांतर करून टाकते. अर्थात सगळा ऑक्सिजन त्याच्याने संपत नाही. म्हणून बीअर बाटलीत वरून न ओतता नळी तळापर्यंत नेऊन, खळखळ होऊ न देता भरावी, नाहीतर काही आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उतरते.

जास्त मुरवली की बीअर चांगलीच होते, असे मुळीच नाही. हॉप्सच्या, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांच्या, सुगंधासाठी केलेली बीअर ताजीच प्यावी, कारण तो सुगंध सर्वांत आधी उडतो. ८-१० टक्के अल्कोहोलच्या गडद बीअरची तीव्रता मात्र काही महिन्यांनी निवळते. तपकिरी काच दोन्हींना हवी: प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्ये तुटून गंधकाचा उग्र वास देणारे संयुग बनते, आणि त्याला थेट उन्हातली काही मिनिटेही पुरतात.

पिण्यापूर्वी बाटली दोन-तीन दिवस उभी, थंड ठेवली की वायू अधिक विरघळतो आणि यीस्ट तळाशी घट्ट बसते. एका संथ धारेत ओतून शेवटचा बोटभर गढूळ भाग बाटलीतच ठेवावा. गव्हाच्या काही बीअरमध्ये मात्र तोच भाग हलवून मुद्दाम ग्लासात घेतात.