पुंगळी मोजायची कुठून?

काडतुसात दारू आणि गोळी धरून ठेवणारी पितळी पुंगळी कापून मापात आणायला कोणतं हत्यार निवडावं, हा इथला प्रश्न. पण सुरुवात पितळेपासून. पितळ कापायला सोपं, असं टर्नरच्या पहिल्या वर्षाचा प्रत्येक पोरगा धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो. जळगावच्या शेडमध्ये आम्ही ज्या पितळी सळ्या लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, चढवायचो, त्यांचा कीस रव्यासारखा बारीक उडायचा. टूल अडकत नसे की तापत नसे. पुढे एकदा पितळेच्या पातळ नळीचं तोंड सरळ करायचं काम आलं, तेव्हा कीस रव्यासारखा पडलाच नाही, शेवेसारखा लांब निघाला आणि टूलला गुंडाळला. नळीच्या काठाला धारदार बर, म्हणजे कापल्यावर उरलेली खरबरीत कड, उभी राहिली. वस्ताद जवळ आले, नळी हातात घेतली आणि एवढंच म्हणाले, "पितळले घाई चालत नही."

दोन्ही पितळच, पण आतलं मिश्रण वेगळं. लेथच्या सळ्यांमध्ये साधारण 3 टक्के शिसं असतं. शिसं पितळेत विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण धातूत विखुरलेले राहतात आणि कीस तिथे तिथे तुटतो. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी मात्र 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त यांची, शिशाशिवाय बनवतात. शिसं असतं तर ती ओढताना फाटली असती. चकतीची वाटी, वाटीचा पेला आणि पेल्याची नळी अशी पायरीपायरीने ती दाबून ओढली जाते, आणि मधे मधे भट्टीत भाजून मऊ केली जाते. भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची काडतुसं बनतात. 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे. त्या भागात वाढलेल्या माणसाला पुंगळी हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागत नाही.

ओढायचं आणि भाजायचं हे तंत्र आपल्या तांबटांनाही ठाऊक होतं. घंगाळ मठारताना हातोडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी धातू घट्ट होत जातो, कारण आतल्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकताना अडकू लागतात. पुन्हा तापवलं की नवे, ताणमुक्त कण तयार होतात आणि पत्रा पुन्हा ऐकू लागतो. पुंगळीत हे दोन्ही गुण एकाच तुकड्यात मुद्दाम राखलेले असतात. बूड कडक, मान (गोळी धरणारं अरुंद तोंड) मऊ. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती मान शेवटी भाजल्याची खूण.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अमेरिका, युरोपात नेमबाज उडालेली पुंगळी पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा 1959 नुसार गुन्हा आहे, आणि तसंच असावं असं मला मनापासून वाटतं. आपले ऑलिम्पिक नेमबाज ज्या .22 रिमफायर गोळ्या वापरतात, त्यांच्या बुडाच्या कडेतच पेटणारं मिश्रण भरलेलं असतं. त्यामुळे त्या पुन्हा भरल्या जात नाहीत. पण बुडात मधोमध टोपी (ठोका बसताच पेटणारी छोटी वाटी) असलेल्या पुंगळीची लांबी राखण्याचा प्रश्न धातुशास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर आहे. त्यासाठी हत्यार कसं निवडावं, याचा विचार टर्नरच्या कामालाही थेट लागू पडतो.

गोळी उडते तेव्हा 7.62 च्या पुंगळीत वातावरणाच्या सुमारे 4000 पट दाब तयार होतो. पितळ फुगून बंदुकीच्या पोकळीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. मग ते थोडंसं मागे सरतं, पण पूर्ण नाही. पुन्हा वापरण्यासाठी ती पुंगळी साच्यात दाबून मूळ आकारात आणावी लागते. बाजूंनी दाबलेलं पितळ जाणार कुठे? उसाच्या कांडीला चरकात दाबलं तर रस पुढे निघतो, तसं पितळ मानेकडे सरकतं. प्रत्येक फेरीत मान काही शतांश मिलिमीटर लांब होते. 7.62 च्या जातीत कमाल लांबी 51.18 मिलिमीटर, आणि कापून आणायची लांबी साधारण 50.93. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. मर्यादा ओलांडली तर पुंगळीचं तोंड बंदुकीच्या नळीच्या अरुंद भागात चेपलं जातं. मग गोळी सुटायला अडते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

कापायची हत्यारं बाजारात भरपूर आहेत. लोक त्यांची तुलना वेगाने करतात, तासाला किती पुंगळ्या वगैरे. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. आधी विचारायचं ते हे: हे हत्यार लांबी कुठून मोजतं?

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे ठरावीक लांबीची पिन बसवलेला कटर. पिन बुडातल्या छिद्रातून जाऊन खालच्या पकडीला टेकते, तिथून पुढे कटर जाऊच शकत नाही. एका जातीसाठी एकच पिन, जुळवायला काही नाही, म्हणून चुकायलाही फारसं काही नाही. थोड्याच पुंगळ्या असतील तर मी डोळे झाकून हाच घेईन. फक्त बुडात मधोमध एकच छिद्र हवं. 1866 मध्ये अमेरिकेच्या बर्डनने आणि इंग्लंडच्या बॉक्सरने टोपीच्या दोन वेगळ्या रचनांचे पेटंट घेतले. बर्डनच्या रचनेत छिद्रं दोन आणि तीही बाजूला, तिथे ही पिन जातच नाही.

दुसरा प्रकार हातातल्या छोट्या लेथसारखा. पुंगळीचं बूड कॉलेटमध्ये (आवळून धरणाऱ्या पकडीत), समोरून हँडलने फिरणारा कटर, आणि मानेत सरकणारा पायलट, म्हणजे कटरला सरळ ठेवणारी दांडी. पायलट मानेच्या आतल्या व्यासाला घट्ट जुळला नाही तर तोंड तिरपं कापलं जातं. इथे मोजमाप बुडापासून होतं. बुडाची कडा वाकलेली किंवा घाणेरडी असेल तर ती चूक तशीच्या तशी लांबीत उतरते. सावकाश काम आहे, पण हाताला लागणाऱ्या जोरावरून कटर बोथट झाल्याचं लगेच कळतं. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो.

तिसरा मोटरवर चालणारा. पुंगळी उलटी खुपसायची, ती खांद्यावर (मान सुरू होते त्या उतारावर) टेकते आणि तोंड कापलं जातं. काहींत त्याच फेऱ्यात आतली-बाहेरची बरही निघते. हजारो पुंगळ्यांसाठी दुसरा मार्ग नाही. पण इथे लांबी बुडापासून नाही, खांद्यापासून ठरते. साच्यात न दाबलेल्या पुंगळ्यांचे खांदे पुढे-मागे असतात. म्हणून आधी साचा आणि मगच कापणी. हा क्रम उलटा झाला तर महागडं यंत्र अचूकपणे चुकीची लांबी कापत राहतं. जॉबची टेकण बदलली की माप बदलतं, हे लेथवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कटरच्या धारेबद्दल थोडं. शिशाच्या पितळेला टूलचा वरचा उतार जवळपास शून्य ठेवतात, नाहीतर टूल धातूत घुसतं. शिसं नसलेल्या मऊ पितळेला थोडा उतार आणि खरोखर तीक्ष्ण धार लागते, नाहीतर धातू कापला न जाता ढकलला जातो आणि बर वाढते. मानेची भिंत जेमतेम 0.4 मिलिमीटरची. तिथे राहिलेली आतली बर गोळीला ओरखडते आणि बाहेरची पोकळीत अडते. म्हणून आत चेंफर (काठाला तिरपा उतार) आणि बाहेर हलकीशी बर काढणी. हलकीच, कारण काठ सुरीसारखा पातळ झाला तर तो लवकर फाटतो.

खानदेशातल्या माणसाला इथे उन्हाची शंका येणारच. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. जळगावची मे महिन्यातली दुपार 45 ची. 51 मिलिमीटरचं पितळ 25 अंशांच्या फरकाने सुमारे 0.024 मिलिमीटर वाढतं. पण हातातला पोलादी व्हर्निअरही तापलेला असतो, तो 0.015 च्या आसपास वाढतो. निव्वळ फरक एका शतांशापेक्षाही कमी. त्यामुळे ऊन सोसलं जातं. मोटरच्या कटरवरून नुकती उतरलेली गरम पुंगळी थंड व्हर्निअरने मोजणं मात्र चूक.

आणि स्वच्छता. पितळ उजळायला चिंच चालते, लिंबातलं आम्ल चालतं, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवलेलं तर उत्तमच. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र नको. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेची काडतुसं भारतात घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेली असत, आणि पावसाळ्यात त्यांना आपोआप तडे जात. धातूत उरलेला ताण, हवेतली ओल आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, या तिघांनी मिळून ते घडतं, हे 1921 मध्ये नीट उलगडलं. उपाय होता भट्टीत सौम्य भाजून ताण काढायचा. आपल्या गोठ्यातही तोच वास असतो. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा जो धूर नाकात झोंबतो, त्यातही अमोनिया असतो. पण तो घटकाभरचा, आणि भांडं तेव्हा निखाऱ्यावर कोरडं तापलेलं. तडा जायला ओल आणि वेळ लागतो.

म्हणून माझ्या पितळी नळ्यांची कापणी झाल्यावरही मी भिंग घेऊन तोंड बघतो, प्रत्येक नळीचं. काठावर केसाएवढी रेघ दिसली की तिथेच पकडीने तोंड चेपायचं आणि ती भंगाराच्या डब्यात टाकायची. चेपलेली नळी पुन्हा चुकून चांगल्या ढिगात मिसळत नाही.