केसगळतीच्या औषधाची चाचणी किती महिने चालावी?

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस दाट होऊ लागले, म्हणून अपजॉन या अमेरिकी कंपनीने त्याचं टाळूला लावायचं द्रावण काढलं. १९८८ साली २ टक्क्यांच्या द्रावणाला तिकडे मंजुरी मिळाली. त्याआधीच्या चाचण्या वर्षभर चालल्या खऱ्या, पण प्लासिबो गटालाही (म्हणजे तुलनेसाठी औषधाविना नुसतं तसंच दिसणारं द्रावण लावणाऱ्यांनाही) चार महिन्यांनंतर खरं औषध देण्यात आलं. म्हणजे पुढच्या आठ महिन्यांत तुलनेला कुणी उरलंच नाही.

चार महिने अपुरे का, हे केसाच्या चक्रातच आहे. टाळूवरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. नवा केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो. त्यातून मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या केसांना लवकर ढकलून देतं, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढलेली दिसते. घाबरून औषध सोडणारे नेमके याच काळातले. समशीतोष्ण देशांत उन्हाळा सरताना गळती एरवीही वाढते. तेव्हा सुरू केलेलं कुठलंही तेल सहा महिन्यांत गुणकारी ठरतं! प्लासिबो गट नसेल, तर निदान ऋतूंचं एक पूर्ण चक्र मोजायला हवं.

फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅम गोळीच्या चाचण्यांनी (मंजुरी १९९७) हा धडा नीट गिरवला. भोवऱ्याजवळच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस फोटोवरून मोजले. सुरुवातीला ते सरासरी ८७६ होते. वर्षाअखेरीस औषध आणि प्लासिबो या दोन गटांतला फरक १०७ केसांचा, दोन वर्षांनी १३८, पाच वर्षांनी २७७. आकडा फुगला तो औषधाने नवे केस उगवत राहिले म्हणून नव्हे, तर प्लासिबो गटाचे गळत राहिले म्हणून. टक्कल अडवणाऱ्या औषधाची खरी किंमत अशी उशिरा कळते. अर्थात, माणसांना पाच वर्षं नुसती साखरेची गोळी देत राहणं कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

चाईचं (चट्ट्या-चट्ट्यांनी केस जाण्याच्या आजाराचं) गणित वेगळं. तिथे केस आपोआपही परत येतात, म्हणून त्यावरच्या बॅरिसिटिनिब या औषधाच्या चाचण्यांत निम्म्याहून अधिक टाळू उघडी पडलेले आणि किमान सहा महिने तसंच चालू असलेले रुग्णच घेतले. मुख्य मोजणी ३६ आठवड्यांनी झाली.

औषध थांबवल्यावर मोजणी मात्र क्वचितच होते. एका छोट्या चाचणीत पुरुषांनी ९६ आठवडे मिनॉक्सिडिल लावलं. दर खेपेला टाळूच्या ठरावीक तुकड्यावरचे केस कापून त्यांचं वजन केलं जाई. औषध बंद केल्यावर २४ आठवड्यांत ती कमाई जवळपास सगळी ओसरली.