पुराणापासून रोटीपर्यंत

जुन्या गोव्यात दरवर्षी २४ नोव्हेंबरला सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते. ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत पहाटेपासून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असतात, आणि त्या गर्दीत आमच्यासारखी मराठी घरांतली माणसेही उभी असतात. शेर्मांवात, म्हणजे पाद्रीच्या प्रवचनात, दारूने मोडलेला संसार येतो, परदेशी गेलेला मुलगा येतो, विकायला काढलेली जमीनही येते. देवाची गोष्ट आणि घरची अडचण एका दमात सांगायची ही रीत इथे जुनी आहे. तिचे पहिले मोठे पुस्तक तर मराठीतच आहे.

फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले आणि पुढची जवळपास चाळीस वर्षे मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिले. काळ सोपा नव्हता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट (ख्रिस्ती संघाचे मिशनरी) मारले गेले. त्याचा सूड म्हणून तिथल्या गांवकारांना, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. त्या पाच जणांचे मृतदेह परत मिळवणाऱ्यांत स्टीफन्स होते. राशोलला १६१६ मध्ये छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’, म्हणजे ओव्यांत सांगितलेली बायबलची कथा, या सगळ्यानंतरचे.

शाळेत आपण ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी शिकतो आणि तिथेच थांबतो. मला त्या ग्रंथातला दुसरा एक प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का करून देत नाही? धर्म बदलला तरी दिवेलागणीला काहीतरी वाचायची सवय कुठे जाणार? सुमारे अकरा हजार ओव्या हे त्या प्रश्नाचे उत्तर. गंमत म्हणजे देवनागरी खिळे नसल्याने ते रोमी (रोमन) लिपीत छापावे लागले. देवनागरीत छापील आवृत्ती निघायला १९५६ साल उजाडले, तीही पुण्यात.

हा धागा पुढे तुटला. १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते. १६८४ च्या हुकमाने कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायला सांगितले. १७३६ च्या फर्मानाने तर लग्नातली गाणी आणि अंगणातली तुळसही धरली. लोकांची भक्ती मग घरात आणि वाटेवरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) आली. संध्याकाळी आंजेलाची घंटा, रात्री तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मे महिन्यात लादाइन म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना. व्हायोलिनवर लॅटिन प्रार्थना म्हणायच्या, मग उकडलेले चणे आणि फेणी. शब्द सगळ्यांना कळत होते असे नाही, पण शेजारी जमत होते.

पोटासाठी गोंयकार मुंबईला गेला, तारवार (जहाजावर) चढला. मुंबईतल्या धोबीतलावच्या ‘कुडीं’मध्ये, म्हणजे गावाच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहांत, एका गावची माणसे ट्रंका मांडून राहत. नोकरी मिळो न मिळो, गावच्या सांताच्या आल्तारासमोर (वेदीसमोर) तेर्स चुकत नसे. कराचीतही गोंयकारांची वस्ती होती आणि तिथेच १९१५ साली फादर व्हिन्सेंट लोबो यांनी ‘दोर म्हयन्याची रोटी’ हे रोमी कोंकणीतले मासिक सुरू केले. दर महिन्याची भाकरी! शिकलेल्यांच्या पोर्तुगीजला बगल देऊन ते थेट खलाशी, आया, बटलर यांच्या हातात गेले. १९३३ मध्ये पिलारहून ‘वावराड्यांचो इश्ट’ हे साप्ताहिक निघाले. नावातच कामगारांचा मित्र.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, मिस्सही लोकभाषेत आली. आल्तारावरचा पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहिला. त्याआधी कित्येक म्हाताऱ्या लॅटिन मिस्स चालू असताना बाकावर बसून आपली तेर्सच म्हणत असत. ‘रोटी’ आता गोव्यातून निघते, आणि ‘इश्ट’ही.