ओव्हरड्राइव्ह स्वयंचलित गिअरबॉक्सची निवड (जुन्या मोटारीतील इंजिनबदल)

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन काढून अधिक ताकदीचे किंवा सुटे भाग सहज मिळणारे इंजिन बसवताना त्याच्या जोडीला कोणता स्वयंचलित गिअरबॉक्स घ्यावा, हे ठरवण्याची ही प्रक्रिया आहे. ज्या गिअरमध्ये प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या धुऱ्याकडे नेणारा दांडा) इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो, म्हणजेच ज्याचे गुणोत्तर १ पेक्षा कमी असते, त्या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीचा दबाव वाढल्यावर अमेरिकी कंपन्यांनी असे चार गिअरांचे बॉक्स मोठ्या प्रमाणावर आणले. फोर्डचा एओडी १९८० साली, जनरल मोटर्सचा २००-४आर १९८१ साली आणि ७००आर४ १९८२ साली बाजारात आला. त्याआधीच्या टीएच३५० सारख्या तीन गिअरांच्या बॉक्समध्ये सर्वांत वरचा गिअर १:१ असे, त्यामुळे महामार्गावर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर ओरडत राही.

कोल्हापुरात अशा कामाला पोषक कारागिरी पूर्वीपासून आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या आणि शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले मेस्त्री यांमुळे ॲडाप्टर प्लेट (न जुळणारे इंजिन व बॉक्स जोडणारी मधली प्लेट), गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आधाराचा आडवा तुकडा) किंवा कमी लांबीचा प्रोपेलर शाफ्ट शहरातच करून घेता येतो. मात्र चांगला टर्नर मिळाला म्हणून गिअरबॉक्सची चुकीची निवड सुधारत नाही.

निवडीची सुरुवात मागच्या धुऱ्यातील डिफरन्शियलपासून करावी, कारण ओव्हरड्राइव्हचा उपयोग त्यातल्या क्राउन-पिनियन दातेरी चक्रांच्या गुणोत्तरावर, म्हणजेच धुऱ्याच्या गुणोत्तरावर ठरतो. चाकाचा परीघ २ मीटर आणि मागील धुऱ्याचे गुणोत्तर ४.१ धरल्यास, पुणे–बेंगळुरू महामार्गावर ताशी ९० किमी वेगाने जाताना चाक मिनिटाला ७५० फेरे घेते आणि थेट (१:१) गिअरमध्ये इंजिन ३,०७५ फेऱ्यांवर असते. ०.७० गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह पडताच हा आकडा सुमारे २,१५० वर येतो आणि आवाज, कंप व इंधनखर्च तिन्ही कमी होतात. पण त्याच गाडीत धुऱ्याचे गुणोत्तर ३.०८ असेल, तर ओव्हरड्राइव्हमध्ये केवळ १,६०० च्या आसपास फेरे उरतात. मोठे व्ही-८ इंजिन एवढ्यावर निवांत चालते; लहान चार सिलिंडरचे इंजिन मात्र गुदमरते आणि गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा हेलकावत राहतो. ॲम्बॅसॅडरच्या १.५ लिटर इंजिनामागे अवजड स्वयंचलित बॉक्स लावणे याच कारणाने व्यर्थ आहे. त्या गाडीला १९९० च्या दशकात आलेल्या १.८ लिटर इसुझू इंजिनाबरोबरचा पाच गिअरांचा हाताचा बॉक्स अधिक शोभतो.

पहिल्या गिअरचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा आहे, ३.०८ च्या धुऱ्याबरोबर एकूण गुणाकार ९.४२ होतो. टीएच३५० च्या २.५२ ला तेवढीच उठाव देण्यासाठी ३.७३ चा धुरा लागतो. मात्र ७००आर४ मध्ये पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर (१.६३) जाताना इंजिनाचे फेरे जवळजवळ निम्म्यावर येतात. सपाटीवर हे फारसे जाणवत नाही. गगनबावड्याकडे येताना करूळ घाटाच्या वळणांवर मात्र पहिल्यात इंजिन किंचाळते आणि दुसऱ्यात गाडी दम टाकते. २००-४आर मध्ये (२.७४, १.५७, १.००, ०.६७) ही दरी थोडी कमी आहे, शिवाय त्याची लांबी टीएच३५० एवढीच असल्याने चेसिसमध्ये कमी तोडफोड होते. मर्सिडीजचा १९९० च्या दशकातील ७२२.६ हा पाच गिअरांचा बॉक्स (३.५९, २.१९, १.४१, १.००, ०.८३) घाटासाठी याहून सरस म्हणावा लागेल, कारण त्याच्या पायऱ्या जवळजवळ आहेत; पण त्याला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग) निवडताना त्याचा स्टॉल वेग, म्हणजे गाडी धरून ठेवली असता इंजिन जिथवर चढू शकते ते फेरे, प्रवासातील फेऱ्यांपेक्षा कमी ठेवावा. अन्यथा ओव्हरड्राइव्हमध्ये कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि वाचवलेले इंधन तेल तापवण्यात जाते. म्हणून लॉकअप क्लच (घसरण थांबवून दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच) असलेला कन्व्हर्टर घ्यावा आणि त्याचा विजेचा जोड ब्रेक स्विचमधून न्यावा, म्हणजे ब्रेक लावताच लॉक सुटतो. एओडीची रचना वेगळी आहे: त्यात कन्व्हर्टरमध्ये लॉकअप क्लच नसून एका वेगळ्या आतल्या शाफ्टमुळे चौथ्या गिअरमध्ये संपूर्ण ताकद कन्व्हर्टर वगळून थेट जाते. गिअरबॉक्सचे तेल १२० अंश सेल्सियसच्या वर राहिल्यास झपाट्याने खराब होते. त्यामुळे आंबा घाटाच्या बाजूला नियमित जाणाऱ्या गाडीला रेडिएटरबाहेरचा वेगळा ऑइल कूलर लावणे गरजेचेच मानावे. घाट उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद करण्याची सोय हाताशी हवी, नाहीतर इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

जुन्या पिढीच्या बॉक्समध्ये कार्ब्युरेटरला जोडलेली थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल तेलाचा दाब ठरवते. ७००आर४ आणि २००-४आर मध्ये ती गिअर बदलण्याची साधी तार समजून सैल सोडली, तर दाब कमी राहतो आणि क्लच प्लेटा थोड्याच प्रवासात जळतात. कार्ब्युरेटर बदलला असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबलही पूर्ण खेचली जाते का, हे इंजिन सुरू करण्याआधीच तपासावे. १९९३ पासूनच्या ४एल६०ई या ७००आर४ च्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत हे काम संगणक करतो. केबलची कटकट जाते, पण थ्रॉटल व वेग यांचे सेन्सर आणि वायरिंग येते. अनुभवी वायरमन नसेल तर केबलचा बॉक्स बरा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून संगणक व वायरिंगसह उचलता आले, तर हा पेच बहुतांशी सुटतो.

वेगळ्या कंपन्यांचे इंजिन व बॉक्स जोडताना ॲडाप्टर प्लेट बोल्टांच्या भोकांवर नव्हे, डॉवेल पिनांवर (जागा नेमकी जुळवणाऱ्या खुंट्यांवर) केंद्रित करावी लागते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे यंत्र) क्रँकवर बसवून बेल हाउसिंगच्या (बॉक्सच्या पुढच्या घंटाकार घराच्या) बोअरभोवती एक पूर्ण फेरा फिरवला की काटा किती हलतो ते दिसते, हालचाल ०.२ मिमीच्या आत असावी. नंतर कन्व्हर्टर बॉक्सच्या पंपात पूर्ण आत ढकलावा, बेल हाउसिंग इंजिनाला बोल्टांनी आवळावे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (क्रँकवरच्या, कन्व्हर्टर फिरवणाऱ्या पातळ चकतीपर्यंत) ३ ते ५ मिमी मोकळीक आहे का ते पाहावे. ती शून्य असताना बोल्ट आवळले तर पहिल्याच स्टार्टला पंप फुटतो. शेवटी प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीला कापून बॅलन्स करून घ्यावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे इंजिनबदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. एमएच-०९ च्या गाडीसाठी ते कोल्हापूरचे प्रादेशिक परिवहन कार्यालय होय. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, परंतु चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणूनच दसऱ्याच्या शाही सोहळ्यात दिसणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅकसारख्या मूळ रूपातल्या दुर्मीळ मोटारी या कामासाठी कोणी घेऊ नयेत. ज्यांचे इंजिन डिझेलवर नेताना किंवा दुरुस्तीत आधीच बदलले गेले आहे, अशाच गाड्या त्यासाठी योग्य ठरतात.