नाव ‘इंडिका’, माहेर जपान

कोल्हापुरात हौसेनं आणलेलं अ‍ॅझेलियाचं रोप बहुतेकदा पहिला बहर दाखवतं आणि मग पिवळं पडत जातं. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. ऊसवाला बघताक्षणी सांगेल, केवडा पडलाय, म्हणजे लोह न मिळाल्यानं पान पिवळं पडलंय. निदान अगदी बरोबर. पण हे होतं का, ते कळायला या झाडाचं मूळ गाव माहीत हवं.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं 1753 मध्ये एका सदाहरित झुडपाला ‘अ‍ॅझेलिया इंडिका’ म्हटलं. नावातले दोन्ही शब्द फसवे. ‘अ‍ॅझेलिया’ म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं, आणि या झाडाला तर कोरड सोसतच नाही. ‘इंडिका’ म्हणावं, तर झाड जपानचं! युरोपच्या लेखी तेव्हा पूर्वेकडचा सगळा मुलूख ‘इंडीज’च होता. जपानी लोक याला सात्सुकी म्हणतात, कारण जुन्या पंचांगातल्या पाचव्या महिन्यात ते फुलतं. एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, इतो इहेई या रोपवाटिकावाल्यानं अ‍ॅझेलियांवर सचित्र पुस्तक काढलं ते 1692 मध्ये, लिनियसच्या साठ वर्षं आधी. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

कुंडीत मिळणाऱ्या जातींची मुख्य पूर्वज मात्र चिनी. ती 1808 मध्ये इंग्लंडला पोचली आणि पुढे बेल्जियममधल्या गेंटच्या काचघरांत तिच्यापासून दुहेरी फुलांचे संकर तयार झाले. 1834 मध्ये जॉर्ज डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञानं अ‍ॅझेलियाला ऱ्होडोडेंड्रॉन या मोठ्या गटात सामावून घेतलं. हिमालयातलं लाल फुलांचं बुरांसचं झाड त्याच गटातलं.

या सगळ्या गोतावळ्याला आम्ल माती लागते, सामू (pH) साधारण 4.5 ते 6. मुळं केसासारखी बारीक, वरच्या थरातच पसरणारी. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते. तिच्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून केवडा. बोअरचं क्षाराचं पाणी त्यात भर घालतं.

पश्चिमेला पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडे मात्र जांभा आहे. तिथं मुसळधार पावसानं चुना धुऊन गेलेला. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहाच्या लागवडीचा प्रयोग केला होता, आणि चहाही आम्ल मातीचाच भुकेला. तेव्हा कुंडी भरताना तांबडी माती, कुजलेला पाचोळा, कोकोपीट घ्यावं, साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं, सकाळचंच ऊन मिळू द्यावं.

छाटणी फुलं सरताच उरकावी. पुढच्या बहराच्या कळ्या कितीतरी महिने आधी धरतात. दिवाळीच्या साफसफाईत कात्री लावली, तर फुलंच छाटली जातात.