पेशी थांबते, पण गप्प बसत नाही

अंगावरचा साधा तपकिरी तीळ घ्या. अशा बहुतेक तिळांत बीआरएएफ जनुकातला जो बिघाड असतो, तोच मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या गाठींत सापडतो. तरीही तीळ डाळीच्या दाण्याएवढा होतो आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, कारण बिघडलेल्या पेशी काही काळ भराभर वाढून विभाजन बंद करतात. त्या मरत नाहीत. अन्न घेतात, प्रथिनं बनवतात, फक्त एकाच्या दोन होत नाहीत. पेशीच्या या अवस्थेला सेनेसन्स, म्हणजे पेशीचं वार्धक्य म्हणतात.

सोलापूरच्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि सदोष कापड पुढे विणलं जात नाही. पेशीची सोयही त्याच जातीची आहे. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवलं, की माणसाच्या सामान्य पेशी काचपात्रात साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतं, त्यात टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं हजारो अक्षरांच्या लांबीपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक विभाजनात त्यातली साधारण 50 ते 100 अक्षरं झिजतात. टोक फार आखूड झालं की पेशी त्याला तुटलेला डीएनए समजते. मग पी53 हे प्रथिन जागं होतं आणि पी21 ला कामाला लावतं. दुसऱ्या वाटेने पी16 हे प्रथिन येतं. दोन्ही वाटा आरबी या प्रथिनापाशी मिळतात आणि ते विभाजनाला कुलूप घालतं. किरणोत्सर्ग, केमोथेरपी, तंबाखूतली रसायनं यांनी डीएनए तुटला, तर टेलोमिअर शाबूत असूनही हेच कुलूप पडतं. कर्करोगाच्या पेशीत बहुधा पी53 किंवा पी16 निकामी झालेलं असतं, शिवाय टेलोमिअर पुन्हा वाढवणारं टेलोमरेज हे एन्झाइम सुरू झालेलं असतं.

अशा पेशी ओळखायची नेहमीची चाचणी 1995 पासून वापरात आहे. लायसोसोम या पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशवीतलं बीटा-गॅलेक्टोसिडेज हे एन्झाइम आम्लतेचं माप, म्हणजे पीएच, 4 च्या आसपास असताना उत्तम काम करतं. वृद्ध पेशीत ते इतकं साठतं, की 6 वरही दिसतं. पेशी तीन-पाच मिनिटं फिक्स करायच्या, म्हणजे रसायनाने आहेत तशा स्थिर करायच्या, मग या एन्झाइमने निळं होणाऱ्या एक्स-गॅलचं द्रावण घालायचं, 37 अंशांवर रात्रभर ठेवायचं. वृद्ध पेशी पसरट, मोठ्या आणि निळ्या दिसतात. चूक हमखास होते ती पात्र नेहमीच्या कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरमध्ये ठेवल्याने. वायू द्रावणात विरघळतो, आम्लता बदलते आणि निकाल बिघडतो. फिक्सिंग लांबलं तर एन्झाइम मरतं. पात्रात पेशींची दाटी झाली असेल तर तरुण पेशीही निळ्या होतात. म्हणून एकट्या निळ्या रंगावर विसंबू नये, पी16 आणि पी21 ही तपासावेत.

खरी अडचण पुढे आहे. थांबलेली पेशी आयएल-6, आयएल-8 असे दाह पेटवणारे संदेश आणि भोवतालचं जाळं कापणारी एमएमपी एन्झाइम्स बाहेर सोडत राहते. तरुणपणी या संदेशांमुळेच रोगप्रतिकारक पेशी येतात आणि तिला उचलून नेतात; जखम भरतानाही त्यांचा उपयोग होतो. वय वाढतं तशी ही उचल मंदावते. मग सांधे, फुप्फुसं, रक्तवाहिन्यांत या पेशी साठतात, शेजारच्या निरोगी पेशींनाही थांबवतात आणि अर्धवट बिघडलेल्या पेशीला वाढायला चिथावणी देतात. कर्करोगाला अडवणारी व्यवस्थाच उतारवयात त्याला वाट करून देते, ती अशी.

उंदरांत या पेशी औषधाने काढल्या तेव्हा त्यांचं मध्यम आयुर्मान सुमारे पाव हिश्शाने वाढलं, हा 2016 चा निष्कर्ष. माणसांत डॅसाटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी तपासली जातेय, पण चाचण्या अजून छोट्या आहेत. डॅसाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे, त्याने प्लेटलेट्स घटतात, फुप्फुसाभोवती पाणी साठतं. 'तरुण राहण्यासाठी' म्हणून ते मनाने घेणं धोक्याचं आहे.

सोलापुरात मात्र हा विषय थेट तोंडात दिसतो. मावा, गुटखा, सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाचं अस्तर घट्ट, पांढुरकं होतं; हा सबम्युकस फायब्रोसिस. त्या ऊतकात थांबलेल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजनचे धागे बनवणाऱ्या, पेशी जास्त सापडतात. त्यांची एमएमपी साचलेलं कोलॅजन थोडंफार तोडतात, पण दाहाचे संदेश वरच्या अस्तराला सतत डिवचत राहू शकतात, आणि हा आजार कर्करोगाची पूर्वस्थिती मानला जातो. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. दातांना मिश्री लावणाऱ्या आणि विडी वळणाऱ्या बायकांनीही हिरड्या बघत राहाव्यात.

तपासणी घरीच करता येते. स्वतःची मधली तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालून बघा. ती जात नसतील, तिखटाने तोंड भाजत असेल, पांढरा-लाल चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. शंका वाटली तर ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील.