वीस इंचांना कमी पडलेला मासा

ऑगस्ट २००७. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एका मासेमारी बोटीवर तपासणी अधिकारी चढला आणि पट्टी घेऊन लाल ग्रुपर मोजू लागला. ग्रुपर म्हणजे आपल्या कोकणातल्या हेकरूचे भाऊबंद. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वीस इंचांहून लहान ग्रुपर धरायचा नव्हता. मोजणीत ७२ मासे कमी भरले. बहुतेक एकोणीस ते वीस इंचांमधले, पावणेएकोणीसच्या खाली एकही नाही. अधिकाऱ्याने ते वेगळ्या खोक्यांत ठेवायला लावले आणि बंदर येईपर्यंत हात लावू नका, असं बजावलं. चार दिवसांनी बोट किनाऱ्याला लागली, पुन्हा पट्टी लावली, तर खोक्यांतले मासे आधीच्या नोंदीपेक्षा किंचित लांब! एका खलाशाने सांगून टाकलं: तांडेलाच्या सांगण्यावरून ते मासे समुद्रात फेकले आणि त्या जागी दुसरे भरले.

नियम चुकीचा नव्हता, हे आधी सांगायला हवं. लाल ग्रुपर आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. अंडी घालायच्या आधीच मासा ताटात आला, तर पुढच्या पिढीचं गणित बिघडतं. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली ती याच कारणाने. नियम मोडला तर दंड करावा, परवाना अडवावा. पण या तांडेलावर जे कलम लागलं ते मासेमारीचं नव्हतंच. एन्रॉन घोटाळ्यानंतर, हिशेबाचे कागद फाडून पुरावे नष्ट करणाऱ्यांना धडा शिकवायला २००२ मध्ये एक कायदा झाला. त्यात कागदपत्रं, नोंदी यांच्या जोडीला ‘कोणतीही वस्तू’ असे शब्द होते. मासा ही वस्तूच, म्हणून मासा फेकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. कमाल शिक्षा वीस वर्षं.

आरोप ठेवायला २०१० उजाडलं. तोपर्यंत ग्रुपरची मर्यादा अठरा इंचांवर आली होती. म्हणजे ज्या माशांपायी हे सगळं घडलं, ते त्या दिवशी पकडले असते तर एकही बेकायदा ठरला नसता. तांडेलाला तीस दिवस तुरुंगात काढावे लागले. जप्ती टळावी म्हणून माल नष्ट केल्याचं दुसरं कलमही होतं, त्यावर त्याने वरच्या न्यायालयात वाद घातला नाही. पण वीस वर्षांच्या कलमावर तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं म्हणणं असं की इथे ‘वस्तू’ म्हणजे माहिती नोंदवायची किंवा जपायची वस्तू, मासा नव्हे. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधात मत दिलं, आणि मला त्यांचंच लिखाण जास्त महत्त्वाचं वाटतं. मासा ही वस्तू आहेच, असं त्या म्हणाल्या. पण हा कायदा फार ऐसपैस आहे, त्याची शिक्षा फार मोठी आहे आणि तो सरकारी वकिलाच्या हातात नको तेवढी ताकद देतो, हेही त्यांनी लिहिलं. केंद्रीय फौजदारी कायद्यात खोलवर मुरलेल्या दुखण्याचं हे एक लक्षण आहे, असं त्यांचं मत.

ही ताकद चालते कशी? समोर वीस वर्षांचं कलम ठेवायचं आणि म्हणायचं, गुन्हा कबूल कर, दोन वर्षांत सुटशील. निरपराध माणूससुद्धा अशा वेळी विचारात पडतो. सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नोंदवलेले आकडे बघा: दोषी ठरलेल्यांपैकी केंद्रीय न्यायालयांत ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के लोक कबुलीतून दोषी ठरतात. साक्षीपुरावे, उलटतपासणी, ज्यूरी हे सगळं उरलेल्या मूठभरांच्या वाट्याला.

मासा इंचात मोजणाऱ्या या देशाला आपले गुन्हे किती, हे मात्र नीट मोजता आलेलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्याय खात्याने केंद्रीय गुन्ह्यांची यादी करायला घेतली. दोन वर्षं खपून अंदाज निघाला: सुमारे ३,०००. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कायद्याचा मजकूर संगणकाकडून चाळून घेतला, तेव्हा ५,१९९ गुन्हे सापडले. यात वेगवेगळ्या खात्यांच्या नियमावल्या धरलेल्याच नाहीत. नागरिकाने कायदा माहीत नव्हता म्हणू नये, हे तत्त्व योग्यच. पण ते मागायला सरकारकडे निदान यादी तरी असावी.

दुसरं माप ग्रॅमचं. १९८६ च्या जूनमध्ये लेन बायस हा उमदा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला. देश हादरला आणि ऑक्टोबरपर्यंत कायदा तयार. पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे खड्याच्या रूपातलं कोकेन, विकायला बाळगलं तर किमान पाच वर्षं तुरुंग. पाच ग्रॅम म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेहून थोडं जास्त. पूड स्वरूपातल्या कोकेनला तेवढीच शिक्षा व्हायला अर्धा किलो माल लागे. एकास शंभर.

रसायनशास्त्राला हा फरक कळत नाही. पूड म्हणजे कोकेनचा क्षार. पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती तापवली की क्षारातलं हायड्रोक्लोरिक आम्ल निघून जातं आणि खडा उरतो, तोच क्रॅक. मेंदूत पोचणारा रेणू एकच. खड्याची वाफ होते, ती फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत जाते, म्हणून झटका जोरात बसतो, हे खरं. पण शिरेतून टोचलेली पूडही जवळपास तितक्याच वेगाने पोचते. फरक होता तो माणसांत. क्रॅकच्या केंद्रीय खटल्यांत शिक्षा झालेले बहुतांश कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये प्रमाण एकास अठरावर आणलं. त्या अठरालाही काही शास्त्र नाही, ती राजकीय घासाघीस होती.

या सगळ्याची बेरीज बघा. १९२० च्या दशकापासून १९७० पर्यंत अमेरिकेत लाखामागे सरासरी एकशेदहाच्या आसपास माणसं तुरुंगात शिक्षा भोगत असत. मंदी आली, महायुद्ध झालं, आकडा फारसा हलला नाही. मग तो चढू लागला आणि २००८ च्या सुमारास तुरुंग आणि स्थानिक कोठड्या मिळून २३ लाख माणसं गजांआड होती. आज ती १९ लाखांच्या आसपास आहेत. भारताची लोकसंख्या अमेरिकेच्या चौपट, आणि २०२२ मध्ये आपल्याकडे कैदी पावणेसहा लाख. आपण शहाणे आहोत असा याचा अर्थ नव्हे, आपले तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत आणि तो वेगळा अन्याय आहे.

शिक्षा लांबवल्याने गुन्हे कमी होतात का? बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी १८३१ मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयांचे आकडे वयाप्रमाणे मांडले. गुन्हेगारी किशोरवयात चढते, विशीत शिगेला जाते, मग घसरत जाते. तेव्हापासून देशोदेशी हाच आलेख निघतो. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो थांब म्हणतो, परिणाम सुचवतो, तो पंचविशीच्या आसपास पक्का होतो. पुढे संसार येतो, नोकरी येते, अंगातली रग ओसरते. म्हणून बाविसाव्या वर्षी चाळीस वर्षांची सजा दिली, तर त्यातली शेवटची पंचवीस वर्षं समाज अशा माणसाला कोंडतो ज्याच्यापासून धोका जवळपास संपलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ मध्ये सगळे अभ्यास तपासून हेच लिहिलं: लांब सजेचा जादा धाक फार तर बेताचाच. धाक असतो तो पकडले जाण्याच्या खात्रीचा. न्यूयॉर्क राज्याचे तुरुंग १९९९ मध्ये ७२ हजारांवर होते, ते आज त्याच्या निम्म्याहून कमी आहेत. कैदी कमी होत गेले त्या पहिल्या वीस वर्षांत तिथली गुन्हेगारीही उतरतच गेली.

उलट चित्र लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात दिसतं. गुलामांच्या जुन्या मळ्यावर उभा असलेला अठरा हजार एकरांचा हा तुरुंग. तिथले बहुसंख्य कैदी जन्मठेपेचे, आणि त्या राज्यात जन्मठेपेला पॅरोल, म्हणजे मुदतीआधीची सशर्त सुटका, नाही. १९९८ मध्ये तुरुंगातच मरणासन्न कैद्यांसाठी शुश्रूषा कक्ष सुरू झाला. तरणे कैदी म्हाताऱ्या कैद्यांना भरवतात, अंग पुसतात, रात्र रात्र उशाशी बसतात. कोणी गेला आणि त्याला न्यायला घरचं कोणी आलं नाही, की कैद्यांनीच बनवलेल्या शवपेटीत त्याला ठेवतात आणि घोडागाडीतून तुरुंगाच्या आवारातल्याच दफनभूमीत नेतात.